डंपरमधली जीपीएसची डबी नेमकं काय लिहून ठेवते? आणि काय कधीच सांगू शकत नाही?

कल्याण-शीळ रस्ता, मुंब्रा बायपास, माणकोली नाका किंवा घोडबंदर रोड. यांपैकी कुठल्याही रस्त्याने तुमचं रोजचं जाणं-येणं असेल, तर खडी, डबर, ग्रिट किंवा रेती भरलेले डंपर तुम्हाला नवीन नाहीत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो, कल्याण-तळोजा मेट्रो, दिव्याजवळ म्हातार्डीला होणारं बुलेट ट्रेनचं स्थानक, शिवाय दर गल्लीत उभे राहणारे टॉवर. या सगळ्यांचं पोट भरतं ते याच गाड्यांवर.

या गाड्यांच्या डॅशबोर्डमागे मुठीएवढी एक काळी डबी बसवलेली असते. चालक तिला 'जीपीएस' म्हणतात. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, इंजिन चालू आहे की बंद, हे ती दर काही सेकंदांनी कुठल्यातरी सर्व्हरला कळवत असते.

महाराष्ट्रात गौण खनिज वाहून नेणाऱ्या गाड्यांना २०२२ पासून ही डबी बंधनकारक झाली. बेकायदा उत्खनन रोखणं हा तिचा हेतू. पण कारवाईची वेळ येते तेव्हा या डबीतली एक ओळ कुणाच्या बाजूने उभी राहते, यावर लाखोंचा दंड आणि जप्त झालेली गाडी अवलंबून असते. म्हणूनच ती काय लिहिते, कसं लिहिते आणि तिला काय दिसतच नाही, हे चालक, मालक आणि नागरिक अशा तिघांनीही समजून घ्यायला हवं.

आधी हिशेब: ब्रास, रॉयल्टी आणि पास

दगड, खडी, मुरूम, रेती, माती यांना कायद्याच्या भाषेत 'गौण खनिज' म्हणतात. खाण आणि खनिज (विकास व नियमन) कायदा, १९५७ च्या कलम १५ नुसार त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्याचा आहे. बेकायदा उत्खनन, वाहतूक आणि साठवण रोखण्यासाठी नियम करायचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम २३-क मधून येतो.

या धंद्यातलं माप म्हणजे ब्रास. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. जमिनीतून जेवढे ब्रास निघतील तेवढ्यांचं स्वामित्वधन, म्हणजेच रॉयल्टी, सरकारजमा करायची आणि प्रत्येक खेपेसोबत वाहतुकीचा पास ठेवायचा, अशी ही व्यवस्था. रस्त्यावरच्या बोलीत पासालाच 'रॉयल्टी' म्हणतात. "रॉयल्टी आहे का?" असं नाक्यावर विचारलं, की चालक पास काढून दाखवतो.

पूर्वी पास छापील पुस्तकातून फाडला जायचा. एकाच पासावर दिवसभर खेपा मारायची युक्ती तेव्हाची. तारीख-वेळ पेन्सिलीने लिहायची आणि नाका पार झाला की खोडायची, असले प्रकार चालायचे. त्यावर उपाय म्हणून राज्यात 'स्मॅट्स' नावाची प्रणाली आली. तिच्यात बारकोड असलेली पावती होती आणि खेप निघताना एसएमएसने नोंद व्हायची. आज हे काम 'महाखनिज' या सरकारी संगणक प्रणालीतून चालतं. पास ऑनलाइन निघतो. त्यावर गाडीचा नंबर, खनिज, परिमाण, निघण्याची वेळ आणि पास किती वेळ चालेल ते लिहिलेलं असतं.

म्हणजे पास सांगतो, 'ही खेप अशी व्हायला हवी.' ती खरंच तशी झाली का, ते सांगण्याचं काम डबीकडे.

डबीत असतं तरी काय?

वरून साधी दिसणारी ही डबी खरं तर पाच गोष्टींचा संच आहे.

पहिली, उपग्रहांचे संकेत पकडणारा रिसीव्हर. तो अमेरिकेच्या जीपीएससोबत भारताच्या 'नाविक' उपग्रहांचे संकेतही वाचू शकतो. दुसरी, मोबाइलसारखं सिम आणि मोडेम. तिसरी, नोंदी साठवणारी मेमरी. चौथी, आतली छोटी बॅटरी. पाचवी, गाडीच्या वायरिंगमधून येणारे संकेत वाचणाऱ्या तारा. इंजिनची किल्ली फिरली का, गाडीची बॅटरी जोडलेली आहे का, हे त्यांतून कळतं.

देशात अशा यंत्रांसाठी 'एआयएस-१४०' नावाचं मानक आहे. वाहन उद्योगाची ही मानकं पुण्याच्या एआरएआय या संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात. एआयएस-१४० मुळात बस, टॅक्सी यांसारख्या प्रवासी वाहनांसाठी आणलं गेलं. पण आज मालवाहू गाड्यांसाठीही मान्यताप्राप्त डबी म्हटली, की याच मानकाची अपेक्षा असते.

या मानकातल्या तीन अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. गाडीची बॅटरी काढली तरी आतल्या बॅटरीवर यंत्र किमान ४ तास चाललं पाहिजे. नेटवर्क नसताना किमान ४०,००० नोंदी मेमरीत साठवता आल्या पाहिजेत. आणि गरज पडल्यास दर ५ सेकंदांनी निरोप पाठवण्याइतकं ते चपळ असलं पाहिजे.

एका निरोपात काय काय असतं?

डबी सर्व्हरला जे पाठवते ती असते स्वल्पविरामांनी तोडलेली एक लांबलचक ओळ. दिसायला गिचमिड. पण फोड करून वाचली, की तीत पुढची माहिती सापडते:

- डबीचा १५ आकडी ओळख क्रमांक आणि गाडीचा नंबर. ठाण्याची गाडी असेल तर एमएच-०४, कल्याणची असेल तर एमएच-०५.
- तारीख आणि वेळ.
- अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची.
- वेग आणि गाडीच्या तोंडाची दिशा.
- किती उपग्रह दिसत होते आणि जागेचा अंदाज कितपत भरवशाचा होता.
- इंजिन चालू की बंद.
- मुख्य बॅटरी जोडलेली की तोडलेली, आणि तिचं व्होल्टेज.
- डबी कुणी उघडली का.
- मोबाइल नेटवर्कची ताकद आणि जवळच्या टॉवरचा क्रमांक.
- ओळीचा अनुक्रमांक, आणि शेवटी ओळ वाटेत बिघडली नाही ना हे तपासण्यासाठीचा बेरजेचा आकडा.

याखेरीज निरोपाचा प्रकार सांगणारी दोन अक्षरं असतात. नेहमीच्या निरोपाला 'एनआर', इंजिन चालू झालं की 'आयएन', बंद झालं की 'आयएफ', बॅटरी तोडली की 'बीडी', पुन्हा जोडली की 'बीआर', डबीशी छेडछाड झाली की 'टीए'. ही अक्षरं कळली, की दिवसभराची गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहते. पहाटे किल्ली फिरली, क्रशरवर गाडी उभी राहिली, भरून निघाली, नाक्यावर थांबली, साइटवर पोचली.

अनुक्रमांकाचं महत्त्व वेगळंच. ५१२ नंतर थेट ५४० आला, तर मधल्या २७ ओळी कुठे गेल्या हा प्रश्न लगेच उभा राहतो. हजेरीपटाचं पान फाडलं की उरलेल्या पानांच्या आकड्यांवरून चोरी कळते, तसंच हे.

किती सेकंदांनी? या प्रश्नाला एवढं महत्त्व का?

समजा गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. निरोप दर ६० सेकंदांनी जात असेल, तर दोन ठिपक्यांमध्ये जवळजवळ ६७० मीटरचं अंतर पडतं. एवढ्या अंतरात गाडी हमरस्ता सोडून आतल्या रस्त्याला वळली, तरी नकाशावर दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ दिसेल. तोच निरोप दर १० सेकंदांनी गेला, तर अंतर उरतं ११० मीटर. वळण लपत नाही.

मग दर ५ सेकंदांनीच का पाठवू नये? खर्च फारसा नाही. एक ओळ सुमारे २५० बाइट्सची धरली आणि दर १० सेकंदांनी ती १० तास पाठवली, तर ३,६०० ओळी होतात. सगळा डेटा १ एमबीच्या आत. मोबाइलवरची एक रील याहून जड असते. खरी अडचण पलीकडच्या टोकाला आहे. हजारो गाड्यांच्या कोट्यवधी ओळी साठवायच्या, चाळायच्या आणि त्यांतल्या संशयास्पद ओळींकडे कुणीतरी माणसाने बघायचं. ठिपके वाढवणं सोपं आहे. ते वाचणारी माणसं वाढवणं अवघड.

नेटवर्क गेलं तर? इथेच खरी मेख आहे

बहुतेकांचा समज असा असतो, की नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस बंद पडलं. तसं होत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. उपग्रहांकडून जागा समजून घ्यायला सिमची गरज नसते. सिम लागतं ते फक्त निरोप पाठवायला.

डोंगराआड, खाणीच्या खड्ड्यात किंवा आडबाजूच्या गावात रेंज गेली, की डबी ओळी लिहीतच राहते, फक्त त्या मेमरीत ठेवते. रेंज परत आली की साठलेल्या सगळ्या ओळी पाठवून देते. ताज्या ओळीवर 'एल', म्हणजे लाइव्ह, अशी खूण असते. साठवून मागाहून पाठवलेल्या ओळीवर 'एच', म्हणजे हिस्टरी.

४०,००० ओळी किती काळ पुरतात? दर १० सेकंदांना एक ओळ धरली तर चार दिवसांहून जास्त. दर ६० सेकंदांना एक धरली तर जवळपास २८ दिवस. म्हणजे नेटवर्क नव्हतं म्हणून माहितीच नाही, ही सबब चांगल्या डबीच्या बाबतीत टिकत नाही. रेंज नसेल तर 'एच'च्या ओळी नंतर यायलाच हव्यात. त्याही आल्या नाहीत, तर वीज तोडली गेली, अँटेना झाकली गेली किंवा यंत्र खरंच बिघडलं, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं.

हे दोन्ही बाजूंना लागू आहे. लबाडी करणाऱ्याची सबब यामुळे जाते. आणि प्रामाणिक चालकाचा बचाव यामुळे उभा राहतो. कारवाईच्या वेळी पडद्यावर गाडी 'ऑफलाइन' दिसली, तरी तासाभराने आलेल्या 'एच' ओळी दाखवू शकतात की गाडी ठरलेल्या रस्त्यावरच होती. अट एकच: त्या मागायच्या असतात हे माहीत हवं आणि त्या पुसल्या जाण्याआधी मागायला हव्यात.

घड्याळाची गफलत: साडेपाच तासांचा घोळ

डबीच्या मूळ ओळीत वेळ असते ती जागतिक प्रमाणवेळ, आपली नव्हे. भारतीय वेळ काढायची तर तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. चांगलं सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. पण कच्च्या नोंदींची फाइल हाती आली आणि कुणी ती तशीच वाचली, तर अर्थाचा अनर्थ होतो.

उदाहरण घ्या. कच्च्या ओळीत वेळ आहे ०१:००. वाचणाऱ्याला वाटतं, रात्री एक वाजता गाडी रेतीच्या ठिकाणी उभी होती. रेतीचं उत्खनन रात्री करायला बंदी असते, म्हणजे चोरीच. प्रत्यक्षात ती वेळ आहे सकाळचे साडेसहा. उलटही घडतं. ओळीत २१:०० दिसतं आणि वाटतं, रात्री नऊची गोष्ट आहे, गाडी घरी निघाली असेल. खरं तर तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. इथे वेळच नव्हे, तारीखही बदलते.

म्हणून जीपीएसचा कुठलाही अहवाल हाती घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातली वेळ भारतीय आहे का?

खाणीत ठिपका का भरकटतो?

शीळ-डायघर, तुर्भे-पावणे, भिवंडी या पट्ट्यातल्या खाणी काळ्या बेसॉल्टच्या. डोंगराची कड उभी कापत जायची, त्यामुळे गाडीच्या एका किंवा तीन बाजूंना दगडी भिंत. जागा नीट ठरवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात, आणि तेही आकाशात पसरलेले. समजा ३० मीटर उंचीच्या भिंतीपासून गाडी १५ मीटरवर उभी आहे. त्या बाजूचं आकाश क्षितिजापासून ६३ अंशांपर्यंत झाकलं गेलं. शिवाय दगडावर आपटून येणारे संकेत रिसीव्हरला चकवतात. मोकळ्या मैदानात दोन-तीन मीटरच्या अचूकतेने जागा सांगणारी तीच डबी इथे काही वेळा पुष्कळ लांबचा ठिपका दाखवते.

याचा फटका कुठे बसतो? संगणकात खाणपट्ट्याभोवती एक अदृश्य कुंपण आखता येतं. त्याला 'जिओफेन्स' म्हणतात. गाडी आत आली, बाहेर गेली, की निरोप. खेप या कुंपणाच्या आतून निघाली का, हे त्यावरून ठरतं. ठिपका भरकटून कुंपणाबाहेर पडला, तर गाडी परवानगीच्या हद्दीबाहेर भरली असा अर्थ निघू शकतो. म्हणूनच उपग्रहांची संख्या आणि अचूकतेचा आकडा ओळीत दिलेला असतो. आठ-दहा उपग्रह असलेला ठिपका आणि जेमतेम चार असलेला ठिपका, दोघांची साक्ष सारखी धरता येत नाही.

डबीला न दिसणारी गोष्ट: हौद्यातला माल

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. डबीला हौद्यात खडी आहे की रेती, तीन ब्रास की पाच, की गाडी रिकामीच आहे, हे कळत नाही. तिला फक्त गाडी कळते.

साधा हिशेब करू. खडी-रेतीचं एक ब्रास साधारण ४.२ ते ४.५ टन भरतं. तीन आसांच्या, म्हणजे दहा चाकी गाडीला मालासकट जास्तीत जास्त साडेअठ्ठावीस टन वजनाची परवानगी आहे. २०१८ मध्ये ही मर्यादा २५ वरून वाढवली गेली. रिकामी गाडी १२ टनांची धरली, तर माल उरतो साडेसोळा टन. म्हणजे साडेतीन ते चार ब्रास. याच गाडीत पाच ब्रास भरले आणि पास साडेतीनचा काढला, तर नकाशावर काहीच चुकीचं दिसणार नाही. रस्ता बरोबर, वेळ बरोबर, पासही आहे. दीड ब्रासची रॉयल्टी मात्र बुडाली. कल्याण-शीळ रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर लागणार, ते वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, तो यासाठीच.

वजन कळायचं तर वजनकाट्याची नोंद जोडावी लागते, किंवा गाडीतच भार मोजणारे सेन्सर बसवावे लागतात. हौदा उचलला की निरोप देणारा एक साधा स्विचही डबीला जोडता येतो. मग माल नेमका कुठे ओतला, हे तरी कळतं.

थोडक्यात, साक्षीदार तीन आहेत: पास, वजन आणि वाटेचा माग. पास सांगतो परवानगी किती, काटा सांगतो भरलं किती, माग सांगतो नेलं कुठे. तिघांचं एकमेकांशी जुळलं तरच खरी गोष्ट कळते. एकट्या डबीवर विसंबून कुणाला चोर ठरवता येत नाही, की साव ठरवता येत नाही.

खाडीतल्या रेतीच्या बाबतीत तर हे अंतर आणखी वाढतं. मुंब्रा असो की डोंबिवलीचं मोठागाव, 'रेतीबंदर' हे नावच या खाडीकाठाचा जुना धंदा सांगतं. इथे बेकायदा उपसा होतो तो सक्शन पंप आणि बार्जने, पाण्यावर. डबी बसलेली असते रस्त्यावरच्या गाडीत. रेती काठावर आली, ढीग झाला, मग गाडीत भरली. गाडीचा माग ढिगापासून सुरू होतो. ढीग कुठून आला, हे महसूल खात्याला खाडीत उतरूनच बघावं लागतं.

मोठ्या खाणींत हेच काम कसं चालतं?

कोळसा आणि लोखंडाच्या मोठ्या खाणींत डबीचं काम चोरी पकडण्यापुरतं नसतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या टायरोन तांब्याच्या खाणीत १९८० साली संगणकावरून डंपरना कामं वाटून देणारी प्रणाली सुरू झाली. तेव्हा जीपीएस नव्हतं. रस्त्याकडेला खुणेचे खांब लावून गाडी कुठवर आली ते समजून घेत. कुठलं यंत्र रिकामं उभं आहे ते बघून संगणक चालकाला निरोप द्यायचा: आता त्या शॉव्हेलकडे जा.

आजच्या १०० टनी डंपरमध्ये इंजिनचं तापमान, तेलाचा दाब, टायर, ब्रेक, हौद्यातला भार, सगळं नोंदलं जातं. सस्पेन्शनमधल्या दाबावरून मालाचं वजन निघतं. बिघाडाची चाहूल आधी लागते. समोरून दुसरी गाडी येत असेल तर चालकाला इशारा मिळतो.

महाराष्ट्रात याच्या जवळचं उदाहरण म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स. चंद्रपूर, वणी, नागपूर या पट्ट्यात तिच्या कोळसा खाणी आहेत. कोल इंडियाच्या खाणींत कोळशाच्या गाड्यांना जीपीएस, खाणीच्या फाटकावर गाडीचा आरएफआयडी टॅग वाचून उघडणारा अडसर आणि संगणकाला जोडलेला वजनकाटा, अशी साखळी उभारली गेली आहे. टॅग, काटा आणि माग एकाच नोंदवहीत. ठाणे जिल्ह्यातल्या क्रशरवर आणि रस्त्यावर जी कडी सुटते, ती तिथे फाटकातच बसवलेली असते. कारण सरळ आहे. तिथे खाण एक, फाटकं मोजकी आणि मालक एकच. इथे खाणी लहान, गाड्या वेगवेगळ्या मालकांच्या आणि रस्ते सगळ्यांचे.

डबी बंद करता येते का?

प्रयत्न होतात. पण प्रत्येक प्रयत्नाची खूण राहते. वायर तोडली की 'बीडी'ची ओळ जाते आणि आतली बॅटरी काम सुरू करते. झाकण उघडलं की 'टीए'. अँटेनावर धातूचा पत्रा ठेवला, की उपग्रहांची संख्या एकदम शून्यावर येते, पण मोबाइल टॉवरचा क्रमांक मात्र बदलत राहतो. म्हणजे जागा कळत नाही, तरी गाडी चालते आहे हे कळतं.

जीपीएसचे संकेत दाबणारा जॅमर वापरणं हा तर सरळ गुन्हा. भारतात परवानगीशिवाय असा जॅमर वापरणं बेकायदा असल्याचं दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं होतं. एका डंपरमधला जॅमर शेजारून जाणाऱ्या रुग्णवाहिकेचा नकाशाही बिघडवू शकतो.

चालक-मालकांनी काय जपावं?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार बेकायदा गौण खनिजासाठी बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ४८(८) नुसार गाडी जप्त होऊ शकते. कर्जाच्या हप्त्यावर घेतलेली एकच गाडी असेल, तर ती तहसील कार्यालयाच्या आवारात उभी राहिलेला प्रत्येक दिवस घरावर येतो. म्हणून:

1. डबीच्या पुरवठादाराकडून आपल्या नोंदी पाहण्याचा लॉगिन स्वतःकडे घ्या. फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.
2. नोंदी किती दिवस जपल्या जातात ते लेखी विचारा.
3. सिमचं रिचार्ज आणि डबीची वार्षिक वर्गणी संपण्याची तारीख गाडीच्या विम्याच्या तारखेसोबत लिहून ठेवा.
4. कारवाई झाली की लगेच त्या दिवसाचा पूर्ण अहवाल, 'एच' ओळींसह, काढून ठेवा. नुसता नकाशाचा स्क्रीनशॉट पुरत नाही.
5. वजनकाट्याची पावती पासासोबत जपा.
6. बॅटरी बदलली, वायरिंगचं काम केलं, तर गॅरेजचं बिल ठेवा. 'बीडी'च्या ओळीचं उत्तर तेच आहे.

यातला चौथा मुद्दा वाहतूक कोंडीतही कामी येतो. पासाची मुदत दोन तासांची आणि गाडी शीळफाट्यावर दीड तास अडकली, तर नाक्यावर पोचेपर्यंत पास संपतो. कागदावर तो गुन्हाच दिसतो. पण इंजिन चालू, वेग शून्य ते पाच, ठिपके एकाच रस्त्यावर रांगेत, ही ओळींची माळ दाखवली तर निदान आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडता येतं.

आणखी एक गोष्ट. डबी गाडीची असली तरी मागे लागतो तो माणसाचा. चालक कुठे जेवला, कुठे झोपला, किती वेळ थांबला, हे सगळं मालकाला दिसतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. आपल्यावर कोण, कशासाठी नजर ठेवतं, हे चालकाला ठाऊक असणं हा उपकार नाही. दुसऱ्या बाजूने, हीच डबी सांगू शकते की चालकाला सलग सोळा तास गाडी हाकायला लावलं होतं.

आणि आपण, रस्त्यावरचे बाकीचे?

ताडपत्री नाही, खडी सांडते आहे, खाडीकिनारी रात्री उपसा चालला आहे, असं दिसलं तर व्हिडिओ व्हायरल करण्याआधी तीन गोष्टी टिपा: गाडीचा नंबर, नेमकी जागा आणि नेमकी वेळ. तहसीलदार किंवा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे तक्रार करताना याच तीन गोष्टी कामाच्या असतात. कारण डबीतल्या ओळीतही त्याच असतात. तुमची वेळ आणि डबीची वेळ एकमेकांसमोर ठेवली, की तपासणाऱ्याला नेमकी ओळ सापडते. नंबर आणि वेळ नसलेल्या व्हिडिओवर हजार शेअर मिळतील, पण तो कुठल्याच ओळीशी जुळवता येणार नाही.

गाडी मात्र तुम्ही स्वतः अडवू नका. ते काम महसूल, पोलीस आणि परिवहन खात्याचं. धोका दिसला तर ११२ आहे.

डबी बसवली म्हणजे चोरी थांबली, असं होत नाही. तिने एवढंच केलं आहे, की पूर्वी जी गोष्ट तोंडी होती ती आता दर दहा सेकंदांनी लिहिली जाते. लिहिलेलं पास आणि काट्याशी जुळवून वाचणारा कुणी असेल, तर खाडीही वाचते आणि प्रामाणिक चालकाची गाडीही.